नियमांची वेगळी चूल

गृहकर्जाचा अर्ज बँकेच्या कुठल्याही शाखेत एकाच वाटेने जातो: कागद तपासायचे, पत पाहायची, मंजुरी घ्यायची, पैसे सोडायचे. व्याजदर किती, पगाराच्या किती पट कर्ज, जामीनदार कधी मागायचा, हे मात्र सारखं बदलतं. वाट आणि अटी एकाच प्रोग्रॅममध्ये कालवल्या, की पाव टक्का व्याज बदलायलाही प्रोग्रॅमर बोलवावा लागतो. म्हणून अटींनी वेगळी चूल मांडली.

संगणकाच्या जगात ही चूल १९५०च्या दशकाच्या अखेरीस पेटली. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये ‘जर असं, तर तसं’ची गुंतवळ तक्त्यात मांडू लागले. वरच्या भागात अटी, खालच्या भागात त्यानुसार करायच्या गोष्टी. हा डिसिजन टेबल. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या माणसालाही तो वाचता येई. माझ्या मते त्याची खरी थोरवी एवढीच, आणि ती पुरेशी आहे.

पक्की फारकत झाली ती मात्र वैद्यकात. १९७०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये एडवर्ड शॉर्टलिफ यांनी ‘मायसिन’ हा प्रोग्रॅम रचला. रक्तातल्या जंतुसंसर्गावर कोणतं प्रतिजैविक द्यावं, याचा सल्ला तो देई. त्यातले काहीशे नियम एकीकडे होते आणि ते लावून पाहणारं यंत्र दुसरीकडे. मग सगळे नियम काढून नुसतं यंत्र ठेवलं तर? त्या रिकाम्या मायसिनचं ‘ईमायसिन’ झालं. त्यात फुफ्फुसांच्या विकारांचे नियम भरले, तेव्हा ‘पफ’ हा निराळाच सल्लागार उभा राहिला. यंत्र सामाईक, नियम ज्याचे त्याचे!

धंद्यात ही रीत रुजवली ती ‘एक्सकॉन’ने. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या व्हॅक्स संगणकाच्या ऑर्डरीत कोणते भाग, कोणत्या केबली लागतील, हे तो ठरवी. नवं मॉडेल आलं की नवे नियम. काहीशेंचे हजारो झाले, आणि त्यांची निगा राखणं हेच मोठं काम होऊन बसलं. वेगळं काढलं म्हणून सांभाळणं थोडंच सुटतं? पुढे कामाची वाट रेखाटण्याच्या ‘बीपीएमएन २.०’ या २०११च्या मानकाने कामाच्या आराखड्यात नियमांसाठी स्वतंत्र चौकट दिली आणि २०१५मध्ये निर्णय मांडण्यासाठी ‘डीएमएन’ हे वेगळं मानक आलं.

हे सगळं होण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या प्राप्तिकर कायद्याने ही युक्ती वापरली होती. संगणकवाल्यांनी ती तिथून उचलली असं नव्हे. पण अडचण तीच, म्हणून तोडगाही तोच. १९१८च्या कायद्यात कराचे दर कायद्यालाच जोडलेले होते. १९२२च्या कायद्याने ते बाहेर काढले. उत्पन्न कसं मोजायचं, नोटीस कशी द्यायची, अपील कुठे करायचं, हे कायद्यात राहिलं. दर दरसालच्या वित्त कायद्यावर सोपवले. १९६१च्या कायद्यानेही तीच घडी ठेवली.

ती २०२०मध्ये विस्कटली. नव्या करप्रणालीचे टप्पे थेट कलम ११५बीएसीमध्ये लिहिले गेले, आणि २०२३, २०२४ व २०२५ या तिन्ही वर्षी टप्पे बदलताना मूळ कायद्याचं कलमच दुरुस्त करावं लागलं.