संप्रेषणातील अडथळे

संदेश पाठवणाऱ्याला अभिप्रेत असलेला अर्थ घेणाऱ्यापर्यंत पोहोचू न देणाऱ्या, तो अपुरा ठेवणाऱ्या किंवा वाटेत बदलणाऱ्या घटकांना संप्रेषणातील अडथळे असे म्हणतात. हे अडथळे आवाज, अंतर, भाषा, मनःस्थिती, सामाजिक दर्जा किंवा संस्थेची रचना यांतून निर्माण होतात. व्यवस्थापनशास्त्र, मानसशास्त्र, भाषाविज्ञान आणि पत्रकारिता या विषयांत त्यांचा अभ्यास केला जातो. प्रस्तुत लेखात या अडथळ्यांचे मुख्य प्रकार सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर आणि तेथे जाणारी वारी यांच्या उदाहरणांनी स्पष्ट केले आहेत. निरनिराळ्या प्रदेशांतील, भाषांतील व वयोगटांतील लाखो माणसे आषाढी एकादशीला या गावी एकत्र येत असल्याने जवळजवळ सर्व प्रकारचे अडथळे तेथे एकाच ठिकाणी आढळतात.

== संकल्पना ==

संप्रेषणाच्या प्रक्रियेत प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक आणि प्रतिसाद हे प्रमुख घटक मानले जातात. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात माध्यमातील व्यत्ययाला ‘गोंगाट’ ही संज्ञा दिली. वॉरन वीव्हर यांनी १९४९ मध्ये या विचाराचा विस्तार करून तीन वेगळे प्रश्न उपस्थित केले : चिन्हे अचूक पोहोचली का, त्यांचा अर्थ नेमका कळला का, आणि त्या अर्थाचा इष्ट परिणाम झाला का. अडथळा यांपैकी कोणत्याही पातळीवर येऊ शकतो. शब्द स्पष्ट ऐकू आला म्हणजे संवाद पूर्ण झाला, असे होत नाही.

== प्रकार ==

=== भौतिक अडथळे ===

गोंगाट, अंतर, अपुरा प्रकाश, सदोष यंत्रे, तसेच श्रवण किंवा दृष्टीची मर्यादा यांचा या प्रकारात समावेश होतो. यात्रेच्या दिवशी चंद्रभागेच्या वाळवंटात टाळमृदंग, भजने आणि अनेक ध्वनिवर्धक एकाच वेळी सुरू असतात. अशा वेळी हरवलेल्या व्यक्तीचे नाव पुकारले तरी ते ज्याच्यासाठी आहे त्याला ऐकू येईलच याची खात्री नसते. आवाज वाढवल्याने एकूण गोंगाटातही भर पडते, हा या अडथळ्याचा विशेष आहे.

=== भाषिक व अर्थविषयक अडथळे ===

भाषा वेगळी असणे हा यातील उघड प्रकार होय. पंढरपूरला कन्नड भाषकांचीही जुनी परंपरा आहे. विठ्ठल मंदिरातील इ.स. १२३७ चा होयसळ राजा सोमेश्वर याचा शिलालेख संस्कृत व कन्नड भाषांत आहे, तर कन्नड संतकवी पुरंदरदास यांनी ‘पुरंदर विठ्ठल’ ही नाममुद्रा वापरली. विठ्ठलाचे नाव दोन्ही भाषांत समान असले, तरी रांगेची सूचना किंवा औषधाची मात्रा एकाच भाषेत सांगितल्यास दुसऱ्या भाषेच्या यात्रेकरूला ती उपयोगी पडत नाही.

भाषा एकच असतानाही अर्थाचा अडथळा येऊ शकतो. ‘दर्शन’ या एका शब्दात पंढरपुरी पददर्शन, मुखदर्शन आणि कळसदर्शन असे निरनिराळे अर्थ सामावतात. पददर्शन व मुखदर्शन यांच्या रांगा वेगळ्या असतात, आणि नवख्या माणसाला हा भेद ठाऊक नसतो.

तांत्रिक परिभाषेमुळे निर्माण होणारा अडथळा अधिक गंभीर ठरू शकतो. भीमेवरील उजनी आणि नीरेवरील वीर या धरणांतून सोडलेले पाणी पंढरपूरकडे येते. त्याचा विसर्ग ‘क्युसेक’ या एककात जाहीर होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. अभियंत्याला हा आकडा पुरेसा असतो; नदीपात्रात राहुटी टाकलेल्या माणसाला त्यावरून धोका किती आहे हे समजत नाही. पाणी पात्रातील पुंडलिकाच्या मंदिरापर्यंत केव्हा चढेल, वाळवंट केव्हा सोडावे आणि कोणत्या घाटाने वर यावे, हे सांगितले तरच त्या आकड्याची सूचना होते.

=== मानसिक अडथळे ===

पूर्वग्रह, भीती, राग, थकवा, अविश्वास आणि अर्धवट ऐकून निष्कर्ष काढण्याची सवय हे यातील प्रमुख घटक होत. माणूस आपल्या समजुतींशी जुळणारा भाग सहज स्वीकारतो आणि उरलेल्याकडे दुर्लक्ष करतो. यास निवडक आकलन म्हणतात. कित्येक तास रांगेत उभ्या असलेल्या व्यक्तीला ‘थांबा’ हा साधा शब्दही अपमानासारखा वाटू शकतो.

=== सामाजिक अडथळे ===

जात, लिंग, वय, शिक्षण आणि आर्थिक स्थिती यांवरून कोणी बोलावे व कोणाचे ऐकले जावे हे ठरते, तेव्हा सामाजिक अडथळा निर्माण होतो. संत चोखामेळा यांचे अभंग वारकऱ्यांनी शतकानुशतके गायले. मात्र त्यांना अस्पृश्यतेमुळे मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. त्यांचे शब्द आत पोहोचले, तरी त्यांच्या समाजासाठी दार बंदच राहिले.

या बंदीविरुद्ध साने गुरुजींनी महाराष्ट्राचा दौरा करून जनमत जागृत केले आणि १ मे १९४७ पासून पंढरपूर येथील तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले. त्यानंतर मंदिर दलितांसाठी खुले झाले. केवळ युक्तिवाद पुरेसा न ठरल्याने बोलणाऱ्याला प्राण पणाला लावावे लागले, यावरून या अडथळ्याची तीव्रता लक्षात येते.

=== संघटनात्मक अडथळे ===

अधिकाराच्या अनेक पायऱ्या, संदिग्ध जबाबदारी, माहितीचा अतिरेक आणि तक्रार वर पोहोचवण्याच्या मार्गाचा अभाव यांमुळे संस्थांतर्गत संवाद खुंटतो. संदेश जितक्या हातांतून जातो, तितकी त्यात गाळणी व भर होण्याची शक्यता वाढते.

== निवारण ==

सोपी भाषा, योग्य माध्यम, चित्रे व खुणांचा वापर, लक्षपूर्वक श्रवण आणि प्रतिसादाची सोय हे निवारणाचे सर्वमान्य उपाय आहेत. संत ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्यातील समाज आरतीच्या प्रथेत यांपैकी काही उपाय एकत्र दिसतात. पालखी मुक्कामाच्या तळावर पोहोचल्यावर दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात. चोपदाराने चोप उंचावताच टाळमृदंगाचा गजर थांबतो. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जाऊन तिचे म्हणणे ऐकतो. त्यानंतर हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची माहिती आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ जाहीर होते व आरती केली जाते.

या पद्धतीत गोंगाटावर दृश्य खुणेने मात केली जाते, आणि सूचना देण्यापूर्वी तक्रार ऐकली जाते. दिंड्यांना रथापुढील व रथामागील असे क्रमांक असल्याने चुकलेल्या वारकऱ्याला आपले ठिकाण थोडक्यात सांगता येते. वारकरी वय, जात वा हुद्दा न पाहता परस्परांना ‘माउली’ म्हणतात व एकमेकांच्या पाया पडतात. या संबोधनामुळे अनोळखी माणसाशी बोलण्याचा संकोच कमी होतो. तथापि संबोधनातील समता प्रत्यक्ष व्यवहारात आपोआप उतरत नाही, हे मंदिरप्रवेशाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

== हे सुद्धा पहा ==

* संप्रेषण
* पंढरपूर
* पंढरपूरची वारी
* चोखामेळा
* साने गुरुजी