सत्ता गेली, आशा राहिली

वसईच्या ख्रिस्ती माणसाची स्वर्गाची आशा पोर्तुगीज सत्तेच्या टेकूवर उभी होती, हे मला पटत नाही. १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेलेली वसई चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकली. किल्ल्यातली चर्चे ओस पडली, गावांतले ख्रिस्ती मात्र श्रद्धेसह राहिले. शेतीवाडीने त्यांना धरून ठेवले, हा आक्षेप रास्तच. पण जमीन माणसाला गावात ठेवते, प्रार्थनेत नाही. २ नोव्हेंबरला कबरींपाशी मृतांसाठी होणारी प्रार्थना देवाजवळच्या अनंत जीवनावरच्या विश्वासातूनच येते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेले. त्यांना वाचवणारी कुठलीच सत्ता तिथे नव्हती. १८६२ मध्ये रोमने त्यांना संत घोषित केले, तेव्हा वसईतला पोर्तुगीज अंमल संपून सव्वाशे वर्षे होत आली होती.