शोकाची अन्योक्ती

अन्योक्तीची व्याख्या आपण वर्गात सहज सांगून टाकतो. बोलायचे एकाला, अभिप्रेत दुसराच. हंस, भ्रमर किंवा वठलेले झाड ही नुसती निमित्ते असतात. जगन्नाथ पंडिताच्या 'भामिनीविलासा'त पहिला विलास अशा अन्योक्तींचा आहे आणि तिसरा, करुणविलास, दिवंगत प्रियेसाठी केलेल्या विलापाचा. एकाच ग्रंथात हे दोन विलास शेजारी नांदतात, पण वेगवेगळे. अन्योक्ती हा चातुर्याचा प्रांत आणि विलाप हा हृदयाचा, अशी वाटणी आपणही नकळत मान्य केलेली असते. ती किती टिकते, हे अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यात लिहिल्या गेलेल्या एका उर्दू पत्राच्या आधारे तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीची धरपकड झाली आणि अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद यांना नेहरू, पटेल आदी सहकाऱ्यांसह या किल्ल्यात आणून ठेवले गेले. तेथे मौलानांनी आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहिण्यास आरंभ केला. ती धाडण्याची सोय नव्हती. ज्याला लिहिले त्याच्यापर्यंत ती त्या वेळी पोहोचणार नाहीत, हे लिहिणाऱ्यास पुरते ठाऊक होते. सुटकेनंतर, १९४६ साली, ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने ग्रंथरूप झाली. चहा, चिमण्या, संगीत, ईश्वराचे अस्तित्व असे नाना विषय त्यांत आहेत. ही खरी पत्रे नव्हेत, पत्ररूपातले ललित निबंध आहेत, असा आक्षेप म्हणूनच घेतला जातो. ११ एप्रिल १९४३ च्या पत्रापाशी मात्र तो आक्षेप अडखळतो.

दोन दिवसांपूर्वी, ९ एप्रिलला, कलकत्त्यात मौलानांच्या पत्नी जुलैखा बेगम यांचे निधन झाले होते. त्यांचे दुखणे बळावल्याचे किल्ल्यात कळले, तेव्हा सरकारला काही विनंती करावयाची असल्यास ती पुढे पाठवू, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले. आपल्याला सरकारकडे काहीही मागावयाचे नाही, असे मौलानांनी उत्तर दिले. नेहरूंनी विषय काढला तेव्हाही उत्तर बदलले नाही. जेवणाची वेळ, वाचनाची वेळ, काहीही चुकू दिले नाही. पुढे पत्रात मात्र ते कबूल करतात की, ती शांतता बरीचशी दाखवण्यापुरती होती. ऑगस्टात घर सोडताना पत्नी नेहमीप्रमाणे दारापर्यंत आली आणि निरोपापलीकडे एक अक्षरही बोलली नाही, हे त्यांना आठवते. छत्तीस वर्षांच्या सहजीवनानंतर आता मध्ये मृत्यूची भिंत उभी आहे, असे ते लिहितात.

एवढे सगळे सांगताना मौलाना पत्नीला एकदाही हाक मारीत नाहीत. संबोधन शेरवानींनाच आहे. आणि पत्राच्या शेवटाकडे किल्ल्याच्या आवारातील एक जुनी कबर येते. ती कोणाची, हे त्यांना माहीत नाही. आल्यापासून शेकडो वेळा नजर तिच्यावरून गेलेली, पण आता त्या अनोळखी कबरीविषयी मनात एक नवाच जिव्हाळा दाटून येऊ लागला आहे. मग त्यांना प्राचीन अरबी कवी मुतम्मिम इब्न नुवैरा स्मरतो. भाऊ मालिक मारला गेल्यावर हा कवी दिसेल त्या कबरीपाशी रडू लागे, आणि कोणी दोष दिला तर, आपल्याला प्रत्येक कबर मालिकचीच वाटते, असे म्हणे. पत्नीची कबर कलकत्त्यात, पती नगरच्या तटबंदीत. तेव्हा निनावी दगड हाच तिचा पत्ता झाला. अन्योक्ती येथे अलंकार राहिलेली नाही. दुसरा मार्गच उरलेला नव्हता.

याच किल्ल्यात १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात नेहरूंनी 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिला. भारताच्या पाच हजार वर्षांच्या शोधात आरंभीच एक प्रकरण बाडेनवायलर आणि लोझानचे, म्हणजे कमलाबाईंच्या शेवटच्या महिन्यांचे, का यावे? कमला नेहरू २८ फेब्रुवारी १९३६ रोजी लोझानला वारल्या. परतीच्या प्रवासात बगदादहून नेहरूंनी लंडनच्या प्रकाशकाला तार करून आत्मचरित्राची अर्पणपत्रिका कळवली. तार प्रकाशकाच्या नावाची, शब्द मात्र गेलेल्या पत्नीसाठी. तो प्रसंग ते आठ वर्षांनी पुन्हा लिहीत होते, आणि शेजारच्या खोलीतील सहकारी वर्षापूर्वीच विधुर झालेला होता.

नगरच्या वाङ्मयेतिहासाला हा मार्ग नवा नव्हता. १८९५ च्या धर्मांतरानंतरचा बराच काळ ज्यांनी नगरला काढला, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी गेले, तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. आरंभीचे दहा-अकरा अध्यायच त्यांच्या हातून झालेले. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. त्यांचे औपचारिक शिक्षण किती तुटपुंजे होते, हे 'स्मृतिचित्रे'च्या वाचकास सांगावयास नको. पतीने अर्ध्यावर सोडलेले वाक्य पत्नीने पुढे चालवावे, तशी ही रचना आहे. काव्याचा विषय येशू ख्रिस्त, पण बोलणे कोणाशी चालले आहे, हे ओळखण्यास समीक्षकाची गरज पडू नये.

आणि ज्यांना ना पत्र लिहिता येते ना काव्य, त्यांचे काय? नेवासे तालुक्यात प्रवरासंगमी दहाव्याच्या सकाळी उभे राहावे. पिंड ठेवलेला असतो, कावळा झाडावरून उतरत नाही. मग एकेक जण पुढे होतो. "नाना, धाकट्याचं शिक्षण आम्ही पुरं करू, काळजी सोडा." "आईला अंतर देणार नाही." घरात जे कधी बोलले गेले नव्हते ते चारचौघांत, पाखराकडे पाहत बोलले जाते. या विधीवर सुधारकांनी टीका केली आणि ती अस्थानी नव्हती. परंतु पिंड शिवला जातो की नाही, यापेक्षा त्या अर्ध्या तासात काय काय कबूल होते, ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. हा कावळा हंस-भ्रमरांच्याच कुळातला आहे.

१९४५ साली सुटका झाल्यावर मौलाना कलकत्त्यास परतले. हावड्याला लोटलेल्या गर्दीने मोटार फुलांनी भरून टाकली होती. घरी जाण्याआधी त्यांनी मोटार वळवावयास सांगितली, त्यांतलाच एक हार पत्नीच्या कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा म्हटला. हार लोकांनी नेत्याला घातलेला, म्हणजे तोही दुसऱ्याच्याच नावाचा. खऱ्या कबरीपाशी पोहोचल्यावरसुद्धा त्यांना उसन्या वस्तूवाचून बोलता आले नाही. पुढच्या वेळी वर्गात अन्योक्ती शिकवताना भ्रमर-कमळाच्या जोडीला नगरच्या किल्ल्यातील ती निनावी कबरही सांगावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.