वारशाची मोटार : जीर्णोद्धार कीं जतन?

वाडवडिलांकडून आलेली वस्तु कायद्यानें एका दिवसांत आपली होते. मनानें आपली व्हावयास मात्र तिच्याविषयीं कांहीं ठरवावें लागतें. जमीन असली तर ती कसावी कीं विकावी, वाडा असला तर तो राखावा कीं पाडावा, हे प्रश्न आपल्या घरांना परिचित आहेत. विसाव्या शतकानें या यादींत मोटारीची भर घातली. आजोबांनीं हौसेनें घेतलेली, दोनच माणसांपुरती, वेगासाठीं बांधलेली स्पोर्ट्स मोटार पडवींत तीस-चाळीस वर्षें धूळ खात पडली आहे. ती पुन्हां चालती करावी, कीं भंगारांत द्यावी? प्रश्न एका कुटुंबाचा दिसतो. परंतु इतिहासाच्या साह्यावांचून त्याचें नीट उत्तर देतां येत नाहीं, असें मला वाटतें.

परभणी जिल्ह्यांतील जिंतूर हें गांव या विचारास सोईचें आहे. गांवाजवळच्या नेमगिरीच्या डोंगरांत जैन लेणीं आहेत, आणि याच तालुक्यांतील चारठाणें येथें प्राचीन मंदिरें आहेत. जुन्या वास्तूचें काय करावें, हा प्रश्न अशा ठिकाणीं नवा नसतो. आपल्या परंपरेनें त्याला 'जीर्णोद्धार' हा अर्थपूर्ण शब्दही दिला आहे. मोटारही येथें परकी नाहीं. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. मनमाडहून परभणीकडे गेलेला लोहमार्ग जिंतुरास बाजूला ठेवून गेला. त्यामुळें येथील माणसास सडक आणि सडकेवरचें वाहन हाच आधार राहिला. १९३२ च्या जून महिन्यांत निजामाच्या रेल्वे खात्यानें २७ मोटारगाड्या व १६६ नोकर घेऊन संस्थानांत प्रवासी वाहतूक सुरू केली. सामान्यांच्या वांट्यास आली ती ही मोटार; खासगी मोटार हें बहुधा जहागीरदार, वकील व व्यापारी यांचेंच वैभव होतें.

त्या वैभवाच्या शिखरावर स्वतः निजाम होते. त्यांच्या मोटारींत विशेष प्रसिद्ध ती रोल्स-रॉइस कंपनीची 'सिल्व्हर घोस्ट'. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीं ती मागविली. पण २९ ऑगस्ट १९११ रोजीं ते निवर्तले, आणि मोटार आली ती त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दींत. म्हणजे ही मोटार जन्मतःच वारशाची! इंग्लंडांतील बार्कर कंपनीनें तिच्यांत सिंहासनासारखें उंच आसन बसविलें होतें, आणि रंग पिवळा दिला होता. ती निघे ती समारंभापुरती. १९४७ पर्यंत ती अवघी ३५६ मैल चालली होती, असें सांगतात. जिंतुराहून हैदराबादेस जाऊन परत यावयासही एवढे मैल पुरणार नाहींत!

१९६७ सालीं उस्मान अली खान वारले आणि सारा पसारा त्यांचे नातू मुकर्रम जाह यांच्याकडे आला. इतिहासकार विल्यम डॅलरिंपल यांनीं लिहिलें आहे कीं, त्या वेळीं ६० मोटारींपैकीं अवघ्या ४ चालत्या होत्या. पेट्रोलाचा व सुट्या भागांचा खर्च मात्र सर्व मोटारींच्या नांवें पडतच होता. ठेवणें आणि राखणें या दोहोंत केवढें अंतर आहे, हें यावरून दिसेल. पुढें 'सिल्व्हर घोस्ट'चें पुनरुज्जीवन झालें, आणि हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यांत ती लोकांना पाहावयास ठेवण्यांत आली. तो खर्च सार्थ झाला, तो ती राजाची होती म्हणून नव्हे. ती कोणी मागविली, कोणी बांधली, कशासाठीं वापरली, हें सारें ठाऊक होतें. आणि जें दुरुस्त करावयाचें तें बव्हंशीं जागेवर होतें. तिची साक्ष अखंड होती.

परंतु साक्ष अखंड असली म्हणजे मोटार नव्यासारखी चकचकीत केलीच पाहिजे काय? येथें युरोपांतील दोन स्पोर्ट्स मोटारींचें उदाहरण उपयोगी पडेल. दोन्ही बुगाटी कंपनीच्या. १९३७ सालीं बांधलेली ५७ एस या जातीची एक बुगाटी प्रथम अर्ल हाउ या शर्यतपटूची होती. ती पुढें इंग्लंडांतील एका डॉक्टरांच्या गॅरेजांत सुमारें अर्धें शतक निजून राहिली. २००७ सालीं डॉक्टर वारले. वारसांनीं तिला नवा रंग न देतां, आहे त्या धुळीसकट २००९ मध्यें पॅरिसच्या लिलांवांत उभी केली, आणि तिला सुमारें ३४ लक्ष युरो आले. दुसरी १९२५ ची 'ब्रेशिया'. ती अनेक दशकें माज्जोरे सरोवराच्या तळाशीं पडून होती. २००९ च्या जुलैंत ती वर काढली, तेव्हां तिचा बराच भाग गंजून गेला होता. तरीही २०१० मध्यें ती २,६०,५०० युरोंना विकली गेली, आणि नव्या मालकानें तिला हात न लावतां तशीच कॅलिफोर्नियांतील आपल्या संग्रहालयांत मांडली. ती चालती केली असती तर बहुतेक मोटार नवीच बांधावी लागली असती. मग जुनें काय उरलें असतें?

हाच विचार जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघानें, म्हणजे 'फिव्हा'नें, २०१२ सालीं तूरिनच्या सनदेंत मांडला. जतन, संवर्धन आणि जीर्णोद्धार या तीन निराळ्या क्रिया आहेत. जेथें पहिल्या दोहोंनीं भागतें, तेथें तिसरीची घाई करूं नये, असा तिचा आशय आहे.

आतां आपल्या पडवीकडे वळूं. समजा, तेथें १९४५ ते १९४९ या काळांत बनलेली एम. जी. टी. सी. उभी आहे. या मोटारी सुमारें दहा हजार निघाल्या; म्हणजे ती दुर्मिळ रत्न नव्हे, परंतु तिचे सुटे भाग आजही नव्यानें बनविले जातात, हा मोठा आधार आहे. पहिली गोष्ट ओळखीची. सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक घरच्या जुन्या कागदांशीं ताडून पाहावे. इंजिन दुसऱ्याच मोटारीचें निघालें, तर ती मोटार आजोबांची असूनही अर्धीच आजोबांची आहे, हें समजून चालावें. दुसरी गोष्ट हाडांची. टी. सी.चा लोखंडी सांगाडा जाड आहे. पण त्यावरच्या पत्र्याच्या आंत ॲश झाडाच्या लांकडाची चौकट असते. आपल्याकडे पत्र्यास गंज खातो, पण लांकडास वाळवी खाते; आणि बाहेरून गोंडस दिसणारी मोटार आंतून पोकळ निघते. दार लोंबूं लागलें असेल, तर चौकट प्रथम तपासावी. तिसरी गोष्ट इंजिनाची. अडकलेलें इंजिन मोटार ओढून फिरविण्याचा मोह अनेकांना होतो. तसें न करतां नळकांड्यांत तेल सोडून कांहीं दिवस थांबावें आणि मग हातानेंच हळूहळू फिरवून पाहावें. नाहीं तर दट्ट्या फुटून थोडक्यांत होणारें काम महाग पडतें.

कायद्याचाही येथें विचार केला पाहिजे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीस ५० वर्षें होऊन गेलेलें, मूळ स्वरूपांत राखलेलें, आणि सांगाडा, पेटी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेलें वाहन या नियमांत बसतें. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क ठेवण्यांत आलें आणि नोंदणीची मुदत १० वर्षांची. असें वाहन प्रदर्शन, संशोधन, शर्यतफेरी, इंधन वा दुरुस्ती यांपुरतेंच रस्त्यावर आणतां येतें. रोजच्या कामास नाहीं. म्हणजे बाजारांतलें नवें इंजिन घालून आजोबांची मोटार 'सुधारणारा' नातू तिला चालती करील खरा, पण कायद्याच्या दृष्टीनें तिचें जुनेपणच घालवून बसेल.

पैशाविषयीं एवढेंच म्हणतां येईल कीं, संपूर्ण जीर्णोद्धाराचा खर्च पुष्कळदां तयार मोटारीच्या किमतीहून अधिक होतो. तेव्हां नफ्यासाठीं हें काम आरंभूं नये. मोटार ओळखीची असेल, हाडें शाबूत असतील, आणि घरांत ती चालविणारें व राखणारें कोणी असेल, तर ती अवश्य चालती करावी. मात्र जें शाबूत आहे तें बदलूं नये. ओळख आहे पण हाडें गेलीं आहेत, तर ती स्वच्छ करून आहे तशीच ठेवावी किंवा संग्रहालयास द्यावी. राखणारेंच कोणी नसेल, तर जाणत्या हातांत देण्यांत कमीपणा नाहीं. साठांतल्या छप्पन्न न चालणाऱ्या मोटारी ठेवण्यापेक्षां तें अधिक प्रामाणिक आहे.

निर्णयास एक-दोन वर्षें लागलीं तरी चालतील. वाळवी मात्र तेवढी थांबत नाहीं. म्हणून या आठवड्यांत मोटार ओलीपासून उचलून विटांवर घ्यावी, चारी बाजूंनीं तिचीं छायाचित्रें काढावीं, आणि तिच्याविषयीं घरांतल्या वडील माणसांना जें आठवतें तें तारखांसह लिहून काढावें. मोटारीचा रंग पुन्हां देतां येतो. ती माणसें गेल्यावर ही माहिती कोणत्याही कारखान्यांत मिळणार नाहीं.