शिधापत्रिकेचा रंग
भगिनींनो, धान्यासाठी निघालेली शिधापत्रिका इस्पितळाची किल्ली कशी झाली, हा इतिहास फार जुना नाही. १९९९ साली आपल्या राज्यात तिला तीन रंग मिळाले : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत असल्यास पिवळा, पुढे लाखापर्यंत केशरी, त्याहून अधिक तर पांढरा. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढल्या वर्षी राज्यभर पसरली. पिवळ्या-केशरी कार्डावर कुटुंबास वर्षाकाठी दीड लाखापर्यंतचे ठराविक उपचार मोफत मिळू लागले.

आमच्या आळीतील एका भगिनीचे कार्ड पांढरे, यजमानांच्या नोकरीच्या काळातले. यजमान गेले, पगार थांबला, रंग मात्र टिकला! (तो बदलून घेता येतो, हे आम्हां बायकांना ठाऊक कुठे होते?) २०१५ साली तिच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी पाटल्या मोडायला सराफाकडे सोबत मीच गेले होते. पांढऱ्या कार्डालाही योजना लागू करण्याचा आणि मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला तो २०२३ साली.