खानदेशची भिल्ल पलटण

टोळ्या करून लोकांस लुटणाऱ्या तरुणांचा बंदोबस्त कसा करावा, हा प्रश्न आजचा नव्हे. सवाशें नव्हे, दोनशें वर्षांपूर्वीं तो खानदेशापुढें उभा होता.

साक्रीहून कोंडाईबारीच्या घाटानें गुजराथेंत उतरणारी वाट असो, कीं उत्तरेकडील सेंधव्याची, दोन्ही वाटा भिल्लांच्या डोंगरांतून जात. हा भिल्ल मुळांत लुटारू नव्हता. गांवची जागल आणि घाटाची रखवाली हें त्याचें वंशपरंपरेचें काम, व त्याबद्दल त्यास हक्क मिळत. १८०२ च्या सुमारास होळकरांच्या फौजांनीं खानदेश उद्ध्वस्त केला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. गांवेंच ओस पडल्यावर जागल्याचा हक्क कोण देणार? राखणदाराचा तीर वाटसरूकडे वळला. पेशवाईच्या अखेरच्या अमदानींत यावर उपाय झाला तो कत्तलीचा. कोपरगांव येथें दग्यानें अनेक भिल्ल मारण्यांत आले. दहशत बसली नाहीं. सरकारच्या शब्दावरचा विश्वास मात्र उडाला.

१८१८ सालीं मुलूख कंपनीकडे गेला. कॅप्टन ब्रिग्ज यानें नाइकांस माफी व नेमणुका देऊं केल्या, त्याबरोबर डोंगरांत फौजाही धाडल्या. हिवतापानें शिपाई आजारी पडत. एक नाईक पकडला कीं दुसरा उभा राही. अखेर १८२५ सालीं, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असतां, धोरण पालटलें. भिल्लांच्या वस्तीचे तीन भाग करून प्रत्येकावर एक अधिकारी नेमला. मागील गुन्ह्यांची माफी, पडीत जमीन, बैल व बियाण्यांसाठीं तगाई, आणि ज्यांस नांगर नको त्यांस पलटणींत नोकरी, अशी ती योजना होती.

पलटण उभारण्याचें काम लेफ्टनंट जेम्स औट्रम याजकडे आलें. त्याचें वय तेव्हां बावीस वर्षांचें. धरणगांव हें त्याचें ठाणें. तो भिल्लांबरोबर शिकारीस जाई, पाहरा न ठेवतां त्यांच्यांत राही. प्रथम मूठभर माणसें आलीं. तीं सुखरूप आहेत व पगार वेळेवर मिळतो असें पाहून आणखी आलीं, आणि थोड्याच वर्षांत त्यांची संख्या शेंकड्यांवर गेली. ज्यांचा पाठलाग फौजा करीत, तेच आतां घाट राखूं लागले.

तथापि या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कंपनीस हवा होता तो निर्वेध वसूल. शिवाय भिल्लावर भिल्लच घालण्याची सोय तिला झाली. १८५७ सालीं सेंधव्याच्या घाटाच्या रखवालीवर राहिलेल्या खाज्या नाइकानेंच बंड करून सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजीं आंबापाणी येथें मोठी लढाई झाली. पुढें १८७१ च्या कायद्यानें तर जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्याचा मार्ग खुला झाला. १८२५ सालीं जें शहाणपण सुचलें होतें, त्याच्या अगदीं उलट ही चाल! तो कलंक स्वतंत्र भारतांत १९५२ सालीं पुसला गेला.

शिक्षा अनावश्यक होती असें या इतिहासावरून म्हणतां येणार नाहीं. औट्रमनेंही आरंभीं शस्त्र चालविलें. परंतु शस्त्रानें टोळी मोडली, तरी माणूस परत आला तो दिलेला शब्द पाळल्यामुळें, आणि गेलेलें काम पुनः हातीं दिल्यामुळें. तरुण टोळींत कां शिरला, याचें उत्तर पुष्कळदां त्याचें कोणतें काम हिरावलें गेलें, यांत सांपडतें.