कंपायलरमधील रचनावृक्ष आणि अभ्यासकांचा प्रवेश : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

शालेय व्याकरणातील वाक्यपृथक्करण सर्वपरिचित आहे. ‘मेहरूण तलावावर संध्याकाळी मुले जमतात’ या वाक्यात ‘मुले’ हे उद्देश्य, ‘जमतात’ हे विधेय आणि उरलेले शब्द विधेयविस्तार ठरतात. कंपायलर आज्ञावलीचे असेच पृथक्करण करून रचनावृक्ष उभा करतो. हा वृक्ष मात्र दीर्घकाळ कंपायलरच्या आतच राहिला. यंत्रभाषेतील रूपांतर हाती पडले की तो टाकून दिला जाई. अपवाद लिस्पचा. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये आरंभिलेल्या या भाषेत आज्ञावलीच यादीच्या, म्हणजे जवळजवळ वृक्षाच्याच, रूपात लिहिली जाते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसृत केलेल्या जीसीसी या कंपायलरचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्याची संपूर्ण संहिता कोणालाही वाचता येत होती; तरीही बाहेरच्या प्रणालीला वृक्ष सुलभपणे मिळावा, अशी सोय हेतुपुरस्सर टाळण्यात आली. तशी सोय झाल्यास खासगी कंपन्या जीसीसीचा उपयोग करून घेतील आणि स्वतःची भर मात्र बंद ठेवतील, अशी स्टॉलमन यांना भीती होती. ती निराधार म्हणता येत नाही. नेक्स्ट कंपनीने ऑब्जेक्टिव्ह-सीसाठी केलेली भर प्रथम बंदच ठेवू पाहिली होती. परवान्याच्या अटींमुळे ती खुली करावी लागली. तथापि स्वातंत्र्याच्या रक्षणार्थ घातलेल्या या कुंपणाची झळ अभ्यासकांनाही पोहोचली.

लक्षावधी ओळींची संहिता खुली असणे आणि ती समजणे यांत मोठे अंतर आहे. फळ्यावर चार फांद्यांचा वृक्ष काढून विषय संपविणे कोणत्याही महाविद्यालयात सोपे असते. आयआयटी मुंबई येथे प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरने हे अंतर कमी करण्याचा प्रयत्न केला. तेथील कार्यशाळांतील ‘करड्या पेटी’ची पद्धत लक्षणीय आहे. संहिता पूर्ण वाचायची नाही, पण कंपायलरला बंद पेटीही मानायचे नाही. छोटी आज्ञावली देऊन प्रत्येक टप्प्यावरील अंतर्गत रूप फाइलमध्ये उतरवून घ्यायचे आणि त्यातील बदल पाहत जायचे. २००५ च्या ४.० आवृत्तीत आलेले जिंपल हे रूप त्यासाठी उपयुक्त ठरले. अर्थात जिंपल हा मूळ वृक्ष नव्हे. ते त्याचे सपाट केलेले रूप होय. मूळ वाक्याची सर्व वळणे त्यातून परत मिळत नाहीत.

जानेवारी २००९ मध्ये परवान्याच्या सवलतीत बदल झाला आणि २०१० च्या ४.५ आवृत्तीत जीसीसीला बाहेरून पूरक भाग जोडण्याची मुभा मिळाली. तोवर ॲपलने २००७ मध्ये खुला केलेला क्लँग पुढे सरकला होता. त्याची घडणच इतर साधनांना वृक्ष वापरता यावा अशी होती. मायक्रोसॉफ्टनेही २०१४ मध्ये रोझलिन खुला केला. तरीही ईमॅक्स या संपादकाला जीसीसीने संपूर्ण वृक्ष द्यावा काय, यावर २०१५ मध्येही वाद चालू होता. अर्धवट लिहिलेले नाव पूर्ण करून देण्यासाठी संपूर्ण वृक्ष खरोखर लागतो काय, असा स्टॉलमन यांचा त्या वेळचा प्रश्न होता.